न छापलेला पिवळा

सोमवार, सकाळचे साडेनऊ. ओल्शिन्का नगरपालिकेचं सभागृह, पहिला मजला. बाहेर फेब्रुवारीतला बर्फ, आत शेगडीची ऊब, टेबलावर कॉफी आणि खसखस भरलेली गोड कोलाचे. विषय एकच होता: गावाच्या वरच्या तळ्याचा भाडेपट्टा ब्लाझेना हानोवा हिच्याकडे ठेवायचा की काढून घ्यायचा. मी तिथे हजर होते. तिसऱ्या रांगेत, झ्देना व्रानोवाच्या पिशवीत, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये.

मी एक निगेटिव्ह आहे. पिवळ्या रंगाची निगेटिव्ह. मला उजेडासमोर धरलंत तर पिवळ्याचा टिपूसही दिसणार नाही. पारदर्शक प्लॅस्टिकवर छापलेली करडी-काळी आकृती, एवढीच मी. पण माझ्यात जिथे कोरं आहे तिथून ऊन आरपार जातं, आणि ऊन गेलं की खालच्या कागदावरचा पिवळा रंग घट्ट धरतो. जिथे मी काळी आहे तिथे ऊन अडतं, रंग पाण्यात धुऊन जातो. हे समजायला फार डोकं लागत नाही. पण त्या सकाळी सभागृहात तेवढंही कोणी खर्च करायला तयार नव्हतं.

माझा जन्म सांगायचा तर आधी त्या पाण्याचं सांगावं लागेल.

सप्टेंबरच्या अखेरची सकाळ होती. तळ्यातले कार्प मासे बाहेर काढायचा हंगाम तोंडावर आला होता. ब्लाझेना पहाटे बांधावर गेली आणि पाय खिळल्यासारखी उभी राहिली. पाणी पिवळं झालं होतं. गढूळ नव्हे, शेवाळी नव्हे. पिवळं, नारिंगीकडे झुकलेलं, काचेसारखं नितळ. त्यावर पांढरी पोटं वर करून मासे तरंगत होते. तिने फोन काढून एक छायाचित्र घेतलं आणि पाण्यात उतरली. दिवसभर ती आणि तिचा नवरा जिवंत मासे शोधत राहिले. बाटलीत थोडं पाणी भरून ठेवावं हे सुचलं नाही. हात माशांत असताना कोणाला सुचतं? तपासनीस तिसऱ्या दिवशी आला, तोवर पाऊस पडून पाणी वाहून गेलं होतं. त्याने तळातला गाळ नेला. गाळात क्रोम सापडलं. तळ्याच्या वर नळांना आणि दारांच्या मुठींना क्रोमची चकाकी देणारा कारखाना आहे. कारखाना म्हणाला, ते क्रोम जुनं आहे, आधीच्या कम्युनिस्ट राजवटीतलं. या देशात आधीची राजवट ही फार सोयीची वस्तू आहे. काहीही तिच्या नावावर टाकावं, ती उत्तर द्यायला येत नाही.

मग मासे कशाने मेले? कारखान्याने तेही सांगून टाकलं. बाईने तळ्यात मासे जास्त सोडले, त्यांना हवा पुरली नाही. म्हणजे दोष बाईचा. आणि बाईचा दोष असेल तर करारातल्या अटीनुसार तळं तिच्याकडून काढून घेता येतं. ते तळं ब्लाझेनाच्या सासऱ्याने राखलेलं, नवऱ्याने राखलेलं. दर नाताळात चौकात लाकडी पिंपं मांडून ती जिवंत कार्प विकायची. अख्खं गाव तिच्याकडचा मासा घरी न्यायचं, न्हाणीच्या टबात सोडायचं, मुलांना त्याचं नाव ठेवू द्यायचं आणि चोवीस तारखेला तळून खायचं. त्याचा एक खवला पाकिटात ठेवायचा, वर्षभर बरकत राहते म्हणून.

ऑक्टोबरच्या सभेत ब्लाझेनाने फोन पुढे केला. कारखान्याचे रसायनतज्ज्ञ, इंजिनियर लुबोर तेसारेक यांनी तो दोन बोटांत धरून पाहिला.

"हानोवाबाई, हल्लीचे फोन स्वतःच्या मनाने रंग चढवतात," ते म्हणाले. "माझ्या नातीच्या फोनमध्ये मीसुद्धा तरुण दिसतो."

सगळे हसले. नगराध्यक्षही हसले. मग त्यांना वाटलं, आपण निःपक्षपाती दिसायला हवं. ते म्हणाले, "आपले व्रानामास्तर आहेत ना. तळ्याखालीच राहतात, त्या सकाळी त्यांनीही पाणी पाहिलंय. आणि ते यंत्राच्या रंगांवर विसंबत नाहीत. नव्या सभागृहाला त्यांच्या हातचं चित्र हवंच आहे. हेच तळं छापून द्या, मास्तर. तुम्ही जसं पाहिलंत तसं. मग बघू."

ओताकार व्राना उभे राहिले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "डिंकाचा ठसा खोटं बोलत नाही."

मला या वाक्याचा आजही संताप येतो, कारण वाक्य खरं आहे. डिंकाचा ठसा बोलतच नाही. बोलतो तो माणूस.

व्रानांना गावात सगळे मास्तर म्हणतात. ते जुन्या रीतीने छायाचित्रं छापतात: बाभळीच्या जातीचा डिंक, त्यात पाण्यात कालवायचे रंग, त्यात बायक्रोमेट नावाचा क्रोमचा नारिंगी क्षार. हे मिश्रण कागदावर ब्रशने लावायचं, वाळवायचं, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं. एका रंगाला एक थर, एका थराला एक निगेटिव्ह. दिव्याखाली छापणाऱ्यांना ते कारागीर मानत नाहीत. त्यांना सूर्य लागतो. पाहुणे आले की या विषयावर ते घड्याळाकडे न बघता बोलतात. फक्त निगेटिव्ह कुठून येते ते सांगत नाहीत.

ती येते वरच्या मजल्यावरून, झ्देनाच्या संगणकातून. झ्देना त्यांची बायको. गावच्या छापखान्यात रंग वेगळे करण्याच्या कामावर तिची उमर गेली. जीभ तिखट, आवाज मोठा. ब्लाझेनाच्या फोनमधलं छायाचित्र तिनेच संगणकात घेतलं आणि त्याचे तीन तुकडे केले. छायाचित्रातल्या तांबड्या उजेडावरून निळ्या थराची निगेटिव्ह, हिरव्या उजेडावरून लाल थराची, आणि निळ्या उजेडावरून मी. नवशिके इथेच फसतात. निळ्या उजेडातून आलेली म्हणजे निळी छापायची, असं समजून तळ्याचं डबकं करून ठेवतात. झ्देना असल्यांना जेवायलासुद्धा बोलावत नाही.

तिने आम्हाला उलटं केलं, म्हणजे उजेडाचं काळं आणि काळ्याचा उजेड. डावं-उजवं फिरवलं, म्हणजे शाईची बाजू कागदाला टेकेल. चार कोपऱ्यांत फुल्या काढल्या, म्हणजे एकीवर एक बरोबर बसू. मग यंत्रातून आम्ही तिघी बाहेर आलो, ओल्या, शाईचा वास येत असलेल्या. झ्देनाने मला खिडकीवर धरलं आणि बराच वेळ बघत राहिली. माझ्यात आकाश काळं होतं, झाडं करडी होती, मासे काळे ठिपके होते. आणि सगळं तळं कोरं होतं. या काठापासून त्या काठापर्यंत कोरं.

"ओता, इकडे ये," तिने खाली हाक मारली. "असं कोरं मी फक्त लिंबाच्या फोटोत पाहिलंय."

मास्तर वर आले नाहीत. खालून म्हणाले, "कागद भिजत घातलाय."

पहिल्यांदा निळा थर झाला. मग लाल. त्या बहिणींबद्दल मला राग नाही, त्यांनी त्यांचं काम केलं. पिवळा शेवटी, कारण पिवळा सगळ्यात कमी दिसतो आणि त्यावर पुढच्या फुल्या जुळवणं कठीण जातं. दोन थर झाल्यावर चित्र दोरीवर वाळत होतं. झाडं जांभळी, बांध जांभळा, आणि तळं फिकट गुलाबी. वाळलेल्या गुलाबाच्या पाकळीसारखं. आता फक्त माझी पाळी होती. मास्तरांनी चिनी मातीच्या बशीत पिवळा कालवला. अंड्याच्या बलकासारखा, बरोबर त्या सकाळचा. म्हणजे त्यांनी ते पाणी नीट पाहिलं होतं. हे मी शपथेवर सांगू शकते, माझी शपथ कोणी घेत असेल तर.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. तेसारेक इंजिनियर आत आले, हातात काकडीच्या लोणच्याची मोठी बरणी. बरणीत काकड्या नव्हत्या, नारिंगी खडे होते. बायक्रोमेट दुकानात मिळणं केव्हाच बंद झालंय. विषारी आहे म्हणून सामान्य माणसाला विकत नाहीत. कारखान्याला परवाना आहे. ती बरणी दर वर्षी यायची, थंडी सुरू व्हायच्या आत. मास्तरांचा सूर्य, त्यांचा हात, त्यांची शुद्ध कला, सगळं त्या बरणीत मावायचं. आणि वापरून झालं की धुण्याचं पिवळं पाणी मागच्या नाल्यात जायचं. पण गावातल्या पाण्याच्या चर्चेत तो नाला कधी आला नाही.

इंजिनियरांनी दोरीवरचं चित्र पाहिलं. मान एका बाजूला कलती केली.

"झालं का हे?"

"एक थर बाकी आहे," मास्तर म्हणाले.

"बाकी वाटत नाही हो. मला तर पुरं वाटतंय. पहाट आहे. शांतता आहे." त्यांनी बरणी टेबलावर ठेवली, पण हात झाकणावरच राहू दिला. "पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही, ओताकार. नवे साहेब येणार आहेत, हिशेब कडक होणार. मी आहे तोवर बघतो. तुम्ही कलेचं बघा."

"थर बाकी आहे," मास्तर पुन्हा म्हणाले, पण या वेळी बशीकडे बघून.

"तुम्ही उस्ताद. तुम्हाला कोण शिकवणार?" इंजिनियरांनी हात काढला आणि निघून गेले.

बशीतला पिवळा संध्याकाळपर्यंत सुकून त्याला तडे गेले. मी बाजूच्या फळीवर पडून होते, कोऱ्या तळ्यासकट. माझ्या डोळ्यांदेखत मास्तरांनी कात्री घेतली आणि चित्राच्या कडा कापल्या. कडांबरोबर फुल्या गेल्या. फुल्या गेल्यावर त्या कागदावर मला पुन्हा कधीच बसवता येणार नव्हतं.

झ्देना जेवायला बोलवायला खाली आली. तिने चित्र पाहिलं, बशी पाहिली, बरणी पाहिली.

"पिवळा?"

"ऊन गेलं," मास्तर म्हणाले.

"ऊन काय, उद्या येणार नाही का? त्याची नोकरी गेली?"

"तुला कळत नाही, झ्देना. चित्राला कधी थांबायचं ते कळावं लागतं. हे आता जास्त खरं आहे."

"गुलाबी पाणी खरं आहे?"

"मनात उमटलेलं खरं असतं."

"तुझ्या मनात नाही उमटलं ते, बरणीत उमटलंय," ती म्हणाली. "सूप निवतंय. यायचं तर ये, नाहीतर खडे खा."

 मास्तरांनी हात धुतले. मला वाटलं होतं की निदान त्या रात्री ते जेवणार नाहीत. ते पोटभर जेवले, दुसऱ्यांदा सूप घेतलं. खाली फळीपर्यंत चमच्यांचा आवाज येत होता. माणसांबद्दल मला जे काही वाटतं त्याची सुरुवात त्या आवाजात आहे.

डिसेंबरात चित्र सभागृहात लागलं. खाली पितळी पट्टी: 'गुलाबी पहाट. डिंकाचा ठसा, तीन रंगांत, हाताने छापलेला.' उद्घाटनाला वाइन होती. मी तिथे नव्हते, पण झ्देना घरी येऊन बूट काढता काढता सगळं बोलली, बोलली म्हणजे भांडी आपटली. शाळेच्या मुख्याध्यापिका चित्रासमोर गहिवरल्या म्हणे. "किती नाजूक कमळं," त्या म्हणाल्या. कमळं म्हणजे मेलेले कार्प, पांढरी पोटं वर केलेले. मास्तरांनी त्यांचं म्हणणं दुरुस्त केलं नाही. ब्लाझेना मागे उभी होती. ती बाहेर गेली आणि आपल्या पिंपांपाशी उभी राहिली. त्या नाताळात तिच्या पिंपांत दुसऱ्या गावचे विकत आणलेले मासे होते. कमळं पाहून आलेल्या लोकांनी तेही नेले, आणि घासाघीस करून नेले.

आता पुन्हा त्या सोमवारावर येते.

नगराध्यक्षांनी भिंतीकडे हात केला. "मास्तरांनी पाहिलं ते आपल्यासमोर आहे. मला यात पिवळं काही दिसत नाही. कोणाला दिसतंय?"

कोणाला दिसत नव्हतं. एकजण कोलाच खात होता, त्याने खाता खाताच मान हलवली.

ब्लाझेना उठली. साठीच्या घरातली बाई, पाण्याने फुगलेली बोटं, अंगात रविवारचा कोट. तिने नगराध्यक्षांकडे पाहिलं नाही, मास्तरांकडे पाहिलं.

"मास्तर, त्या सकाळी तुम्ही फाटकात उभे होतात. हातात दुधाचं भांडं होतं. मी तुम्हाला हाक मारली, तुम्ही म्हणालात, देवा, हे काय झालंय. पाणी कसलं होतं तेवढं सांगा."

मास्तरांनी घसा साफ केला. "मी कलावंत आहे, ब्लाझेना. साक्षीदार नाही."

तेव्हा तिसऱ्या रांगेत पिशवीची चेन उघडल्याचा आवाज झाला. पुठ्ठे बाजूला झाले, आणि झ्देनाने मला खिडकीच्या काचेवर धरलं. बाहेर बर्फावर ऊन होतं. माझ्यातून ते सरळ तिच्या कोटावर पडलं, तळ्याच्या आकाराचं.

"ही तिसरी निगेटिव्ह," ती म्हणाली. "पिवळ्याची. ही छापलीच नाही. इथे बघा, तळं कोरं आहे. कोरं म्हणजे इथे सगळा पिवळा येणार. जेवढं कोरं तेवढा पिवळा. फोनने रंग चढवले म्हणता ना? मग काठावरच्या तुमच्या मैलाच्या दगडाकडे बघा. तो पांढरा आहे, हिच्यात काळा आलाय. त्याच्यावर नाही चढला तो रंग? फक्त पाण्यावर चढला?"

 मला वाटलं, झालं काम. इतकं सरळ दिसत होतं.

"वहिनी," नगराध्यक्ष म्हणाले, "यात तर काळं आणि करडंच आहे."

"दाताचा एक्स-रे असतो तसं," कोलाच खाणारा म्हणाला.

"अक्कलदाढ शोधा मग," झ्देना म्हणाली. "सापडली तर मला कळवा."

हशा झाला, पण तो तिच्या बाजूचा नव्हता. तेसारेक इंजिनियर मागच्या खुर्चीवर शांत बसून होते. त्यांना रसायन कळत होतं, त्यांना मीही कळत होते. ते गप्प बसले. अशा माणसांना गप्प बसण्याचाच पगार मिळतो.

नगराध्यक्ष मास्तरांकडे वळले. "तुम्हीच सांगा. तुमचा विषय आहे. यात पिवळा रंग आहे का?"

मी काचेवर होते.  मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत मला वाचू शकणारे तिघेच होते: एक मला धरून उभी होती, एक गप्प होता, आणि तिसरा हा.

"निगेटिव्हमध्ये रंग नसतो," मास्तर म्हणाले.

पुन्हा खरं वाक्य. एका अक्षराने खोटं नाही. मी पत्र्याचे, कागदाचे, काचेचे पुष्कळ खोटारडे तुकडे पाहिले आहेत, पण खऱ्याचा असा गळा आवळलेला पाहिला नव्हता.

हात वर झाले. तळं ब्लाझेनाकडून काढून घेण्यात आलं. ज्यांनी हात वर केले त्यांतल्या बहुतेकांच्या पाकिटात त्या वेळीही तिच्या माशाचा खवला होता. तळं कारखान्याच्या कामगारांच्या, गळाने हौशी मासेमारी करणाऱ्या मंडळाला मिळालं. त्या पहाटे कारखान्यामागची सांडपाण्याची झडप का उघडी होती, यावर अहवालात एक ओळ आली: ती आपोआप उघडली असावी. झ्देनाने ती ओळ वाचून विचारलं, तिला तहान लागली होती का. हे तिने स्वयंपाकघरात विचारलं. 

झ्देना आता निगेटिव्ह करत नाही. तिच्या यंत्रातली शाई वाळून गेली. मास्तरांनी दुसऱ्या शहरातल्या एका दुकानाकडून निगेटिव्ह करून घ्यायला सुरुवात केली आहे, आणि पाहुण्यांना सूर्याबद्दल सांगणं चालू आहे. नवी बरणी या वर्षीही आली. नवे साहेब काही तेवढे कडक निघाले नाहीत.

मला झ्देनाने ब्लाझेनाला देऊन टाकलं. ब्लाझेना नवऱ्यासह बहिणीच्या घरी दोन खोल्यांत राहते. तिने मला चिकटपट्टीने स्वयंपाकघराच्या खिडकीवर लावलंय. तिला रंग वेगळे करण्यातलं काही कळत नाही, पण सकाळी ऊन आलं की माझ्यातलं तळं तिच्या टेबलावर पडतं, पावाच्या बाजूला. ती त्यावर हात ठेवते आणि मग कामाला लागते. खिडकीत असल्याने माझी शाई उडत चालली आहे. आकाश आता पूर्वीइतकं काळं नाही, मासे तर पुसटच झालेत. आणखी काही उन्हाळे, मग मी नुसतं प्लॅस्टिक.

तुमच्याकडून मला दया नको. ज्या कोणाकडे थोडा डिंक, थोडा पिवळा रंग आणि एक कोरा कागद असेल, त्याने शाई आहे तोवर यावं, मला एकदा उन्हात ठेवावं आणि कागद पाण्यात बुडवावा. जे वर येईल ते नगरपालिकेत नेऊन त्या चित्राशेजारी लावावं. ते चित्र अजून तिथेच आहे. कागदावर थर दोनच आहेत, निळा आणि लाल, आणि खालची पितळी पट्टी दर शुक्रवारी पुसली जाते. तिच्यावर आजही लिहिलेलं आहे: तीन रंगांत, हाताने छापलेला.